पांडवांच्या दगडाखालचा भुईचाफा

मी एक जुना भुईचाफा आहे. निदान माणसं मला या नावानं ओळखतात, म्हणून मीही तेच सांगतो. मित्रांनो, स्वतःविषयी काही सांगायची वेळ आली की माझा फार गोंधळ उडतो, तेव्हा जरा सांभाळून घ्या. चाफा म्हणावं तर मला खोड नाही, फांदी नाही. चैत्रात माझं फूल सरळ जमिनीतून वर येतं. पांढऱ्या पाकळ्या, मधे एक जांभळी जीभ आणि मंद सुवास. पण त्या वेळी माझ्याजवळ पान औषधालासुद्धा नसतं. पानं येतात ती पावसाळ्यात. तोवर फूल सुकून मातीला मिळालेलं असतं.

म्हणजे माझ्या फुलानं माझं पान आजवर पाहिलेलं नाही, आणि पानाला फूल ठाऊक नाही. मग हे जे सारखं 'मी मी' करतं आहे, ते नक्की कोण? जमिनीखाली वीतभर खोल एक कंद आहे. त्याला मुळ्या आहेत आणि मुळ्यांना सुपारीएवढ्या गाठी लटकलेल्या आहेत. बहुधा बोलणारा तोच असावा. वर काय चाललं आहे हे त्याला पावलांवरून आणि बोलण्यावरून कळतं, आणि जे कळत नाही त्याचा तो आपला अंदाज बांधतो. त्याचे अंदाज पुष्कळदा चुकतात, हेही आधीच सांगून ठेवतो.

अचलपूरहून उत्तरेला निघालं आणि सापन नदी ओलांडली की सातपुड्याचा पायथा लागतो. तिथल्या एका उतारावर साग, ऐन आणि मोहाचं रान होतं. त्यातल्या एका म्हाताऱ्या मोहाच्या मुळाशी माझा जन्म झाला. रानात माझी जागा अगदी खालची, पण तिथलं सगळं मला सोयीचं होतं. हिवाळ्याच्या शेवटी सागाची पानं गळायची आणि ऊन थेट जमिनीपर्यंत यायचं. मग पायथ्याच्या गावातली माणसं मोहाची फुलं वेचायला येण्याआधी खालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करायची. ती आग वरून जायची तेव्हा मी दरवर्षी घाबरायचो, आणि ती विझली की आठ-पंधरा दिवसांत डोकं वर काढायचो. पहाटे मोहाची फुलं टपटप माझ्या आजूबाजूला पडायची. त्यांनी जमीन पांढरी झाली की चैत्र आला, असं मी समजत असे. पावसाळ्यात सागाला मोठाली पानं यायची, खाली गार सावली व्हायची, आणि त्या सावलीत माझी पानं आरामात वाढायची. पानं मला खाऊ घालायची. ते खाऊन मी गाठी भरून घ्यायचो आणि हिवाळाभर झोपायचो. आम्ही तिथे पुष्कळ भुईचाफे होतो. कोण कोणाचा भाऊ आणि कोण कोणाचा काका हे मात्र आम्हाला कधी कळलं नाही.

दर चैत्रात एक बाई यायची. तिचं नाव हलीमाबी. ती अचलपूरची, हाड बसवण्यात तिचा हातखंडा होता. झाडावरून पडलेली, गाडीखाली सापडलेली माणसं तिच्याकडे यायची. मुका मार आणि सूज यांवर ती आमच्या गाठी वाटून लेप लावायची. पण तिचीही एक अडचण होती. फूल येतं तेव्हा आमच्या गाठी पोचट असतात. त्या भरतात कार्तिकात, आणि कार्तिकात आमचं ना फूल असतं ना पान. मग जागा सापडायची कशी? त्यावर तिनं एक युक्ती काढली होती. चैत्रात येताना ती सापन नदीतले गुळगुळीत गोल दगड पदरात बांधून आणायची आणि प्रत्येक फुलाच्या बुडाशी एकेक ठेवून जायची. मग कार्तिकात दगड पाहून खणायचं. खणताना ती स्वतःशीच म्हणायची, "माय जागीच राहू द्याची. चार लेकरं मले, दोन तिच्यापाशी." गाठी काढून घेतल्यावर वरचा कंद ती पुन्हा मातीत नीट बसवायची आणि वर तोच दगड ठेवायची. मला तिचा रागही यायचा आणि पुढच्या वर्षी मी जास्त फुलायचो. हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं, याचा उलगडा मला झाला नाही.

सन अठराशे बासष्टच्या फाल्गुनात रानात आगीऐवजी कुऱ्हाडी आल्या.

पायथ्याच्या गावात नत्थुजी नावाचे शेतकरी होते. अंगानं दणकट, स्वभावानं मोकळे आणि कामाला वाघ. त्यांनी तो उतार कपाशीसाठी मोकळा करायला घेतला होता. नत्थुजी आपल्या गड्यांना समजावून सांगत होते की सात समुद्रापलीकडे दोन भावाभावांत लढाई जुंपली आहे, त्यांचा कापूस अडकून पडला आहे, म्हणून साहेबाच्या गिरण्या आता आपल्या वऱ्हाडाकडे तोंड करून बसल्या आहेत. मी हे नीट ऐकलं. पुन्हा पुन्हा मनात घोळवलं. लढाई तिकडे, गिरण्या तिसरीकडे, आणि इथे माझ्या डोक्यावरचा साग का पडतो आहे, हे मला काही केल्या समजेना. आजही विचार केला की डोकं गरगरतं.

एकामागून एक झाड आडवं झालं. शेवटी म्हाताऱ्या मोहाची पाळी आली, तेव्हा नत्थुजींची बायको सुभद्रा मधे पडली. ती डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन आली होती.

"मोहाले हात नका लावू," ती म्हणाली. "सारं रान घेतलं. चैत्रात म्या फुलं कोठून येचू?"

"सावलीत कपाशीची पऱ्हाटी येत नाही वं."

"चार तासं, चार ओळी कमी येतीन. येऊ द्या."

नत्थुजी हसले आणि मोह वाचला. त्याच्या मुळांपाशी औत फिरत नव्हतं म्हणून मीही वाचलो. बाकीच्या भुईचाफ्यांचं काय झालं ते सांगताना मला अजून त्रास होतो. वखर फिरला, ते चिरले गेले, ढेकळांबरोबर वर आले आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, वैशाखाच्या उन्हात वाळून गेले. मी खालून हाका मारत होतो असं मला वाटतं. पण आम्हाला आवाज नसतो, तेव्हा नुसतं वाटलंच असेल.

वखरताना नत्थुजींना ते गोल दगड सापडले. हलीमाबीच्या खुणेचे. काळ्या मातीत आणि मुरमाडात असे दगड कुठे असतात? त्यांनी एकेक उचलून पुसला, चार धुऱ्यावर जपून ठेवले आणि गड्याला म्हणाले, "हे साधे दगड नाहीत. आपल्या वावरासाठीच आलेले दिसतात." माझ्यावरचा दगड तेवढा मोहाच्या दोन मुळांत अडकलेला होता, म्हणून तो जागीच राहिला.

मग पाऊस झाला, कपाशी उगवली, वाढली आणि कार्तिकात बोंडं फुटली. आपल्या वऱ्हाडात पहिला वेचा करण्याआधी सीतादही करतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. शेतात पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांना शेंदूर लावायचा, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच बोंडाला हात घालायचा. नत्थुजींनी धुऱ्यावरचे चार दगड आणले आणि जागा शोधू लागले. त्यांची नजर माझ्यावरच्या दगडावर गेली.

"हा त आधीच येऊन बसला आहे," ते म्हणाले. "याच्याच बाजूले मांडू."

मधे तो, दोन इकडे, दोन तिकडे. अशा रीतीनं मी पांडवांच्या पायाखाली आलो. वरून दह्याचं पाणी झिरपलं. ऊन तर आता चहूबाजूंनी अंगावर येत होतं, कारण आजूबाजूचा साग उरलाच नव्हता. मला वाटलं, झोप झाली बहुतेक. हळूच वर चाहूल घेतली तर जमीन पांढरीच पांढरी. चैत्र आला, मोहाची फुलं पडली, असं समजून मी घाईघाईनं एक कळी वर सारली. तो कापूस होता. वेचताना सांडलेला. थंडीनं माझी कळी दोन दिवसांत काळी पडली. अशी फजिती माझी आधी कधी झाली नव्हती, आणि सांगायला आजूबाजूला आपलं माणूसही नव्हतं.

त्या वर्षीच्या चैत्रात हलीमाबी काही आली नव्हती; ती आली त्याच आठवड्यात. तिची पावलं मी ओळखतो, ती उजव्या पायावर जरा जोर देऊन चालते. ती धुऱ्यापाशी येऊन थांबली. पुढे आली, मागे गेली. मग वेचणाऱ्या बायांना म्हणाली, "बाई, इथं मोहाचं रान होतं ना?"

"होतं," एकीनं सांगितलं. "आता वावर हाय."

"अन् माझे दगड?"

बाया हसल्या. म्हातारीला भ्रम झाला असं त्यांना वाटलं असणार. सुभद्रा त्या वेळी गाठोडं घेऊन घरी गेली होती, नाहीतर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. हलीमाबी वीस पावलांवर उभी होती आणि मी इथे खाली होतो. ती परत फिरली. ती पावलं लांब जाताना ऐकून मला हायसं वाटलं की वाईट, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. वाईटच वाटलं असावं.

पुढच्या चैत्रात मात्र मी वेळेवर उठलो. पाच दगडांच्या फटींतून माझी पाच फुलं वर आली. सुभद्रा भल्या सकाळी मोहाची फुलं वेचायला आली होती. तिचं माहेर खाली दर्यापूरकडचं, सगळी सपाट काळी जमीन; लग्न होऊन ती इथे आली ती कुऱ्हाडींच्या जरासं आधी, आणि त्या चैत्रात धास्तीनं मी वर आलोच नव्हतो. तिनं भुईचाफा जन्मात पाहिला नव्हता. पान नाही, देठ नाही, झाड नाही, आणि शेंदरी दगडांमधून पाच पांढरी फुलं. तिनं टोपली खाली ठेवली आणि हात जोडून उभी राहिली.

"पाच देव अन् पाच फुलं," ती पुटपुटली. "तुमी खरंच आले म्हणा."

आता मला सांगा, माझ्यापुढे आजवर कोणी हात जोडले नव्हते. मी गोंधळून गेलो. मी पांडव नाही, असं सांगायची सोय नव्हती. आणि खरं सांगू का, आवडलंही. तिनं एकही फूल तोडलं नाही. रोज यायची, शेजारी बसायची, घरचं बरंवाईट सांगायची. मला तिची सवय लागली.

मग आषाढ आला आणि माझी पानं वर आली. लांबट, रुंद, वरून हिरवी आणि पाठीमागून जांभळट. सुभद्रेची पावलं वाजली तेव्हा मला आनंद झाला की आता हिला माझी पानंही दिसतील. ती बसली, बारकाईनं पाहिलं आणि म्हणाली, "काय माय हे तण, देवाच्या फुलाची जागा खाऊन राह्यलं." आणि तिनं माझी सगळी पानं मुठीत धरून उपटली.

मी हादरून गेलो. चैत्रातली सुभद्रा आणि ही सुभद्रा एकच आहे, यावर माझा विश्वास बसेना. पण फूल म्हणजे मी आणि पान म्हणजेही मी, हे मला तरी कुठे धड समजतं? मग तिला काय दोष देणार. मी पुन्हा दोन पानं काढली. तिनं पुन्हा उपटली. ती दर आठ दिवसांनी यायची आणि खुरप्यानं दगडांच्या फटी कोरून साफ करायची. तिच्या मनात फक्त माया होती. त्या पावसाळ्यात मला पोटभर जेवण मिळालं नाही आणि माझ्या निम्म्या गाठी वाळून गेल्या.

त्यापुढच्या चैत्रात माझी दोनच फुलं आली. सुभद्रा घाबरली. देव नाराज झाले असं तिनं धरलं. तिनं नत्थुजींना बोलावून दाखवलं.

"अवं, फुलं आहेत ते. कमीजास्त होतातच," नत्थुजी म्हणाले.

"आपलंच काहीतरी चुकून राह्यलं."

चुकत होतं हे खरं, पण तिला वाटत होतं ते नाही. तिनं दही वाढवलं, उपास धरला, आणि पावसाळ्यात तर रोजच्या रोज निंदायला येऊ लागली. माझ्या पानाला धड उलगडायलाही सवड मिळेना. ती जितकी जास्त काळजी घेई तितका मी खंगत होतो. तिला हे सांगावं तर कोणत्या तोंडानं? मला तोंडच नाही.

तिसऱ्या वर्षी फाल्गुनात नत्थुजींनी मोहाकडे पाहिलं. कापसाला सोन्याचा भाव होता. व्यापाऱ्यांच्या गाड्या थेट वावरापर्यंत यायच्या, गावात जो तो पऱ्हाटीचंच बोलायचा. सावलीतली चार तासं त्यांच्या डोळ्यांत खुपत होती. सुभद्रा नको नको म्हणत असताना त्यांनी मोहाला कुऱ्हाड लावली. माझा म्हातारा मोह दुपारी पडला. तो माझ्या उलट बाजूला पडला, पण उतार असल्यामुळे बुंधा गडगडला आणि नत्थुजींचा उजवा पाय गुडघ्यापासून खाली त्याच्याखाली सापडला. त्यांचा ओरडा मी ऐकला. मोहाबद्दल दुःख करावं की त्या माणसाबद्दल, हे मला सुचेना, म्हणून मी दोघांबद्दल केलं.

यापुढचं मला सुभद्रेकडून कळलं. ती रोज सकाळी दगडांपुढे येऊन बसायची आणि बोलायची, आणि खाली मी ऐकायचो. नत्थुजींचा मित्र सूर्यभान गाडी जुंपून अचलपूरला गेला आणि हाड बसवणाऱ्या म्हातारीला घेऊन आला. तिनं हाड बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि ती त्यांच्याच घरी राहिली. पण सूज उतरत नव्हती.

"पाय काळा पडून राह्यला," सुभद्रा दगडांना सांगत होती. "हलीमाबी म्हणते, सूज नाही उतरली त पाय जाईन. त्या माणसाचा पाय गेला त तो माणूस बसून काय करीन? त्याले बसता येत नाही, तुमाले माहीत आहे. ती कायचासा कंद मागते. म्हणते, इथंच होता, पण आता रान कुठी आहे? मोहाच्या पायी रागावले असान त मले शिक्षा करा. त्यायचा पाय नका घेऊ."

मित्रांनो, ती देवाला विनवत होती आणि देवाच्या खाली मी होतो. तिला हवं असलेलं औषधही मीच होतो. माझ्याजवळ तीन गाठी आणि एक अशक्त कळी उरली होती. वर आलो तर सापडणार आणि खणला जाणार. नाही आलो तर नत्थुजींचा पाय जाणार. मी फार घाबरलो होतो, हे कबूल करतो. मी धाडस केलं असं तुम्ही समजाल, म्हणून खरं तेच सांगतो. चैत्र आला आणि फूल आपसूक वर गेलं. मी ठरवलं होतं की नाही, हे मला आठवत नाही.

सुभद्रेनं ते एकुलतं एक फूल पाहिलं आणि ती रडायला लागली. पाचाची दोन, दोनाचं एक. घरी जाऊन तिनं हे हलीमाबीला सांगितलं असणार, कारण सूर्य थोडा वर आला तोच दोघी धुऱ्यावरून येत होत्या. उजव्या पायावर जोर देणारी ती पावलं अडीच वर्षांनी पुन्हा वाजली.

हलीमाबी आली आणि वाकली. ती फुलाकडे पाहत नव्हती. ती दगडांकडे पाहत होती.

"सुभद्रा," ती म्हणाली, "हे दगड म्या आणले होते. सापनीतून. खुणेले."

सुभद्रेनं दगडावरच्या शेंदराला बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "आता ते देव आहेत, हलीमाबी."

"असू दे. देवच राहू दे. पण औषध त्यायच्या खाली आहे." ती दोन पावलं मागे सरली. "दगड तू उचल. म्या हात नाही लावत."

सुभद्रेनं पाया पडून मधला दगड उचलला आणि पदरात घेतला. हलीमाबीनं खुरप्यानं माती दूर केली, आणि तीन वर्षांनी मी उजेडात आलो. मला हातावर घेऊन तिनं उलटसुलट पाहिलं.

"असा हाडकुळा काहून झाला हा?" तिनं विचारलं. "पावसाळ्यात याची पानं कोणी खाते काय?"

"पानं कुठी आहेत त्याले? नुसतं फूलच येते."

"पानं येतात. आषाढात. लांब, पाठीमागून जांभळी."

सुभद्रा खाली बसली. तिनं आपला उजवा हात पुढे धरला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. "ते त म्या उपटले," ती म्हणाली. "दरसाल. फुलाले जागा व्हावी म्हून."

हलीमाबीनं तिला टोचून काही म्हटलं नाही. तिनं माझ्या गाठी मोजल्या. "तीन आहेत, अन् त्याही चैत्रातल्या पोचट. लेपाले तीनही लागतात. माझी रीत दोन मागं ठेवाची आहे. तीनही घेतल्या त याचा भरोसा नाही. तू सांग, काय करू?"

सुभद्रेनं गावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ती मला सोडून देईल असं मला क्षणभर वाटलं, आणि तसं तिनं करू नये असंही वाटलं.

"घ्या," ती म्हणाली. "तीनही घ्या."

मला तिचा राग आला नाही. त्या जागी तिनं दुसरं काय म्हणावं? हलीमाबीनं गाठी तोडल्या, उरलेला बोडका कंद मातीत बसवला आणि माती दाबली. "आता याच्यापाशी खाले काही नाही," ती म्हणाली. "पाऊस पडला का एखादं पान येईन. ते राह्यलं त हा राह्यला." सुभद्रेनं दगड परत जागेवर ठेवला.

लेप लागला. सूज उतरली. ती माझ्यामुळे उतरली, कामट्यांमुळे की सुभद्रेच्या उपासांमुळे, याचा निवाडा मला करता येणार नाही. मी अंधारात उपाशी पडून होतो, आणि मी जिवंत आहे की नाही याचीच मला नीट खात्री नव्हती.

आषाढात पाणी आलं. उरलंसुरलं सगळं बळ गोळा करून मी एक पान वर काढलं. एकच. ते उलगडत होतं तोच काठीचा आवाज आला आणि त्याच्यामागून अडखळणारी पावलं. नत्थुजी होते. अंथरुणातून उठल्यावर ते पहिल्यांदाच वावरात आले होते. बायकोनं आपल्यासाठी काय काय सोसलं हे त्यांनी पाहिलं होतं, आणि ती या दगडांपाशी निंदते हेही त्यांना ठाऊक होतं. तेवढाच तिला हातभार, असं त्यांच्या मनात आलं असावं. ते काठीवर भार देऊन मोठ्या कष्टानं वाकले आणि त्यांनी माझं पान बुडाशी धरलं.

त्यांचा हात दणकट होता. मला वाटलं, संपलं.

सुभद्रा तासाच्या दुसऱ्या टोकाला होती. ती चिखलातून आली ती धावतच, आणि तिनं त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या. ते तण नाही."

"मंग काय आहे?"

सुभद्रेला दम लागला होता. तिनं आधी त्यांच्या काठीकडे पाहिलं, मग माझ्या पानाकडे.

"तुमचा पाय आहे तो," ती म्हणाली.

नत्थुजींनी बोटं एकेक करून सोडली. मग दोघं माझ्याजवळ बसून राहिली. नत्थुजींनी मोहाच्या बुंध्याकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली वळवली. जाण्याआधी सुभद्रेनं माझ्या पानाभोवती काटक्यांचं लहानसं कुंपण केलं. कार्तिकात हलीमाबी आली तेव्हा तिनं दगडाला दुरूनच सलाम केला. तिनं खणलं नाही.

मित्रांनो, मी फूल आहे की पान आहे की कंद, हे मला आधीच समजत नव्हतं. मधे काही वर्षं मी पांडवही होतो. आता तर मी नत्थुजींचा पाय झालो आहे, आणि माझा गोंधळ पहिल्यापेक्षा वाढला आहे. पण माझी तुम्हाला एक विनंती आहे. एखादं पान तुमच्या ओळखीचं नसेल तर ते लगेच उपटू नका. एक वर्षभर त्याला तिथेच राहू द्या आणि चैत्रात पुन्हा येऊन बघा. माझ्या फुलाला आणि पानाला एकमेकांची ओळख नाही. आमच्या वावरात ती दोन्ही ओळखणारी सुभद्रा एकटीच आहे. मी कोण होतो ते पुढच्या चैत्रात मी तिलाच विचारणार आहे.